फुगवट्यावरचे दिवे

कुसाबाईने मागणी घालायला आलेल्या मोहवाडीच्या माणसांना दोनदा परत पाठवले होते. पहिल्या वेळी चहा देऊन, दुसऱ्या वेळी नुसत्या पाण्यावर. तरीही तिची मुलगी ललिता घोटीच्या बाजारातून परतताना वळणावर थांबून पाण्यापलीकडे पाहत असे, आणि ते पाहणे कुसाबाईच्या काळजात बोरीच्या काट्यासारखे मोडून राहिले होते.

मुलगा वाईट नव्हता. खरी अडचण तीच होती. दत्तू अंबडला कारखान्यात कामाला होता, सुट्टीला न चुकता घरी येत होता आणि दारूला शिवत नव्हता. वाईट असता तर नकाराला कारण सांगता आले असते. कुसाबाई एवढेच म्हणे, "तिकडं नाय द्यायची." तिकडे म्हणजे फुगवट्याच्या पलीकडे.

धरण बांधले गेले तेव्हा कुसाबाई नुकती परकर सोडून लुगड्यात आली होती. त्याआधी इथे एक नदी होती, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची. अलीकडे करवंदवाडी, पलीकडे मोहवाडी. एका काठावरून हाक मारावी, दुसऱ्या काठावरून ओ यावी. तिची थोरली बहीण बयाबाई त्या नदीपलीकडेच दिलेली. सकाळी भांडण झाले तर दुपारी माहेरी येऊन जेवून जायची. मग खाली कुठेतरी भिंत उभी राहिली, पाणी चढत गेले, दोन्ही वाड्या आपापल्या काठाने वर सरकल्या, आणि मध्ये नजर थकेल एवढे पाणी पसरले. सरकारी कागदांत त्याला जलाशय म्हणत. वाडीतली माणसे मात्र फुगवटा म्हणत, आणि कुसाबाईला तो शब्द नेमका वाटे. जखम फुगावी तशी ती जागा फुगली होती. मोहवाडी तर एका लांबट, बुटक्या टेकाडाच्या आड गेली. दिवसा टेकाड दिसे; रात्री पलीकडचा एकही दिवा इकडून दिसत नसे. रस्त्याने जायचे तर घोटीला उतरून गाडी बदलावी लागे आणि अर्धा दिवस मोडे.

बयाबाई त्या काठावर एका वैशाखात गेली. बातमी करवंदवाडीला पोचली तेव्हा तिचे दिवसही घातले गेले होते. बातमी आणणारा रस्त्याच्या कामावरचा एक मजूर होता. कुसाबाई रडली नाही. तिने त्या परक्या माणसाला विचारले, "एकालाबी इकडं माणूस धाडावं वाटलं नाय?" तेव्हापासून त्या काठावर तिने पाऊल ठेवले नव्हते, आणि आता त्याच काठाला आपली एकुलती पोर द्यायची होती. नवरा जाऊन काही वर्षे झाली होती. उद्या ललिताचे काही बरेवाईट झाले, तर तेही आपल्याला एखाद्या मजुराकडून कळेल, ही तिची भीती होती. ती भीती तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितलेली भीती खरी होते, अशी तिची समजूत होती.

त्या वर्षी मार्गशीर्षात थंडी अशी उतरली, की दिवसभर उन्हात बसलेली माणसे मावळतीला अचानक गप्प होत. वारा पडला होता. फुगवट्याचे पाणी पुसलेल्या पाटीसारखे सपाट होते. वाडीतली वीज नेहमीप्रमाणे गेलेली. जेवणे आटोपून कुसाबाई कंदील घेऊन शेळ्यांच्या कुडाकडे गेली, दार लावून वळली, आणि जागच्या जागी उभी राहिली.

पाण्यावर दिवे होते.

पलीकडे, जिथे रोज नुसता काळोख असे, तिथे टेकाडाच्या पाठीवर, किंबहुना पाठीच्याही वर, अधांतरी, तीनचार पिवळे ठिपके थरथरत होते. प्रत्येकाच्या खाली त्याचेच उलटे पिल्लू लोंबत होते. मधूनच एखादा ठिपका ताणला जाऊन उभ्या रेघेसारखा होई, पुन्हा आखडे. पाहता पाहता आणखी दिवे आले. एक ओळ झाली. ती ओळ काठावर टेकलेली नव्हती. पाण्याच्या आणि आभाळाच्या मध्ये कुणीतरी दोरी बांधून टांगल्यासारखी होती.

"बहिरू!" तिने भावाला हाक मारली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "आरं बहिरू, भाईर ये."

शेजारच्या घरातून बहिरू घोंगडी ओढत आला, त्याच्यामागून ललिता. बहिरूने एकदा पाहिले आणि घोंगडी डोक्यावरून घेतली.

"चकवा हाय, आक्का. घरात चल. त्याच्याकडं बघितलं की तो बोलावतो."

"एवढे?"

"त्यांचंबी कुटुंब असंल."

"मामा, चकवा कशाचा," ललिता हळूच म्हणाली. "मोहवाडी हाय ती."

"मोहवाडी टेकाडामागं हाय. टेकाड काय आज जेवाय बसलं?"

कुसाबाई दोघांचे ऐकत नव्हती. तिला तिच्या आईने शिकवलेली एक रीत आठवली. रानात, शिवारात लांब दिवा दिसला आणि माणूस की भूत हे कळेना, तर आपला दिवा आडवा हलवायचा. माणूस असेल तर तोही हलवतो. भुताचा दिवा चालतो, धावतो, पण मान हलवत नाही. तिने कंदील उचलला, खांद्याच्या वर धरला, आणि सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे नेला.

दिवे तसेच थरथरत राहिले. मग त्या ओळीतला एक दिवा ओळीतून सुटल्यासारखा झाला, आणि आडवा हलला. इकडून तिकडे. तिकडून इकडे.

बहिरूने घराचे दार गाठले. कुसाबाईचा हात मात्र वरच राहिला. भीती तिला वाटत होती, पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होते, पुष्कळ जुने, नदीच्या काळातले. पलीकडून ओ आली होती. किती वर्षांनी. मग गार हवेचा एक झोत आला, पाणी शहारले, आणि एकेक दिवा विझण्याऐवजी बुडाल्यासारखा खाली गेला.

चुलीपाशी बसल्यावर ललिताने तिला समजावले. ती घोटीच्या कॉलेजात बारावीपर्यंत शिकली होती. पाण्याला लागून गार हवा बसली आहे, तिच्यावर ऊबदार हवेचा थर आहे. अशा वेळी उजेड सरळ जात नाही, जड हवेकडे झुकतो. एरवी टेकाडावरून वर आभाळात निघून गेला असता, तो उजेड वाकून खाली, आपल्या डोळ्यांत येतो. म्हणून दिवा दिसतो, आणि जागेपेक्षा उंच दिसतो. घागरीत बुडवलेली काठी मोडल्यासारखी दिसते ना, त्यातलाच प्रकार.

"उजेड वाकतो," बहिरू विडी पेटवत म्हणाला. "माझी कंबर वाकली एवढं ठाऊक हाय मला. उजेडाला काय वझं व्हतं?"

"मग रोज का नाय दिसत?" कुसाबाईने विचारले.

"रोज अशी हवा नसती, आये. वारा आला की थर मोडतात."

कुसाबाईने लाकूड पुढे सारले. म्हणजे तो काठ मनात येईल तेव्हा दिसणार, आणि नसेल तेव्हा नाही. त्याच्या या स्वभावाचे तिला नवल वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी ती खळ्यावर नागली वाळत घालत असताना एक टेम्पो धुरळा उडवत आला. पुढून दत्तूचा बाप मंगळू उतरला, डोक्याला नवे मुंडासे. मागून त्याची बायको सावित्रीबाई, दोन म्हातारे, आणि सर्वांत शेवटी दत्तू, इस्त्रीच्या शर्टात, एखाद्या चुलतभावाच्या लग्नाला आल्यासारखा बाजूला उभा. सावित्रीबाईच्या हातात परात होती, परातीत गुळाची ढेप, नारळ आणि हिरवे लुगडे.

कुसाबाई हातातले सूप टाकून उभी राहिली. "हे काय?"

"आता हे काय म्हंजे?" मंगळू मोठ्याने हसला. "राम राम इहीनबाई! दोनदा पाठ दावली, पर शेवटी मन राखलं म्हनायचं. आम्ही पहाटंच निघालो."

"कोण इहीन? मंगळूदादा, सकाळी सकाळी घेऊन आलात का काय?"

"घेतली नाय, पर आता घेऊ की! रातच्याला तुमच्या घराच्या अंगाला दिवा हलला, तो तुम्हीच हलवला का नाय?"

"हलवला."

"आमचाबी हलला?"

"हलला."

"मग झाली सोयरीक!" मंगळूने म्हाताऱ्यांकडे पाहिले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. "दिवा हलला, सोयरीक झाली. नदीपासूनची रीत हाय ही. पोरीच्या आईनं दिवा हलवायचा, पोराच्या घरानं पलटून हलवायचा. तांदूळ-बिंदूळ समदं मागनं."

तेवढ्यात दाराशी आलेला बहिरू पुटपुटला, "आक्का, खरं बोलतोय तो. बयाक्काची सोयरीक अशीच झाली व्हती. नदीला पूर व्हता, मानूस उतरंना. आईनं कंदील हलवला. मी तिच्या कडंवर व्हतो."

तिला आठवले. आईचा उचललेला हात, पावसात भिजणारी कंदिलाची काच, आणि घरात लाजून तोंड लपवलेली बया. एकाच आईने दोन्ही रिती शिकवल्या होत्या, भुताची आणि सोयरिकीची. काल तिला एकच आठवली आणि दुसरी आठवली नाही. की आठवली होती? हात इतका वेळ वर का राहिला होता? तिने स्वतःच्या मनात डोकावून पाहिले, आणि तिथे तिला नीटसे काही दिसले नाही.

तिने ललिताकडे पाहिले. ललिता दाराच्या खांबाला धरून उभी होती. काल आईने कंदील कशासाठी उचलला ते तिला ठाऊक होते. ती गप्प राहिली असती, तर तिला हवे ते आज पदरात पडले असते. तिचे ओठ हलले.

"मंगळूमामा, आयेनं काल..."

"तू थांब," कुसाबाई म्हणाली. "माझ्या हातानं हलवला, माझ्या तोंडानं सांगते." तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. "म्या सोयरीकीसाठी नाय हलवला. म्या भुतासाठी हलवला."



"भुतासाठी?" मंगळू म्हणाला.

"टेकाडाच्या वर दिवे लोंबत व्हते. म्हनलं, मानसं हायती का भुतं, बघावं."

मंगळूचे मुंडासे एकदम मोठे आणि चेहरा लहान दिसू लागला. दोघा म्हाताऱ्यांपैकी एकाला अपमान वाटावा की काय हे ठरेना. तो दुसऱ्याकडे पाहू लागला. दत्तू खाली पाहत होता. आणि मग सावित्रीबाईने परात खळ्याच्या कडेला ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि तिचे खांदे गदगदू लागले. ती रडते आहे असे वाटून कुसाबाई एक पाऊल पुढे झाली. पण ती हसत होती.

"अगं बाय माझे," ती धापा टाकत म्हणाली, "आम्हीबी! आम्हीबी भुतासाठीच हलवला! इकडचे दिवे कदी दिसत नायत आम्हांला. काल बघतो तर पान्यावर कंदील. समदी वाडी कंदील घेऊन भाईर आली, तवर तो हलाय लागला. मीच म्हनाले, हलवून बघा, भूत असंल तर उत्तर द्यायचं नाय."

"आमचं आधी हललं व्हतं ना पर!" कुसाबाई म्हणाली.

"तवा आमचीच पाळी व्हती भूत नसायची!"

"मी सोयरीकीचंच म्हनलं व्हतं," मंगळू घाईने म्हणाला.

"तुम्ही? तुम्ही तर दत्तूच्या पाठीमागं उभं राहून त्याचा सदरा धरला व्हता! घरात गेल्यावर, कांबळं अंगावर आल्यावर, मग सोयरीक आठवली."

बहिरू हसता हसता खाली बसला. दत्तूसुद्धा हसला, आणि हसताना त्याने क्षणभर ललिताकडे पाहिले. ते कुसाबाईच्या नजरेतून सुटले नाही.

हसणे मात्र संपते, आणि संपल्यावर जागा आधीपेक्षा रिकामी वाटते. परात खळ्याच्या कडेला होती. तिच्यातल्या गुळावर माशी बसली. आता त्या गुळाला अर्थ उरला नव्हता; दोन्ही काठांनी एकमेकांना भुते समजून दिवे हलवले होते, आणि भुताच्या साक्षीने कुणी पोर देत नाही. कुसाबाईला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटेना.

"मग झालं तर," ती म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता. "चा घेऊन जावा. एवढ्या लांबून आलात."

सावित्रीबाईने डोळे पुसले. परातीवरची माशी हाकलली. मग खाली पाहतच म्हणाली, "काल तुमचा दिवा हलला, तवा मला एकच वाटलं. म्हनलं, आज हलला. बयाच्या वेळंला एवढा जाळ केला, तवा नाय हलला."

"कसला जाळ?"

"बया गेली त्या रातचा."

"कसला जाळ, सावित्राबाय?"

सावित्रीबाईने मान वर केली. कुसाबाईला खरोखरच ठाऊक नाही, हे तिच्या हळूहळू ध्यानात येत होते.

"वैशाख व्हता," ती म्हणाली. "बाप्ये समदे निफाडला, द्राक्षाच्या छाटणीला. वाडीत आम्ही बायका नि दोन म्हातारे. बयाला दुपारधरनं भोवळ आली, मावळतीला गेली. घोटीला जायाला गाडी नाय. मंग आम्ही बायकांनी पेंढा वाहिला. सुकल्या गाळावर, पान्याच्या कडंला. बयाच्या घरची पेंढ्याची सगळी उडवी पेटवली. टेकाडावर पेटवनार व्हतो, पर वारा व्हता, रान पेटलं असतं. तुझी बहीन हाय, तिकडं दिसंल, मानूस निघंल, म्हनलं. पहाटंपर्यंत पेंढा टाकत व्हतो. कोन आलं नाय. आम्ही म्हनलो, करवंदवाडीचा राग असंल. मग आम्हांलाबी राग आला. नाय तर नाय."

कुसाबाईने मान वळवली. ललिताकडे पाहून तिने विचारले, "तो दिसला असता का गं?"

ललिताला शिकलेले सांगायचे होते, पण ते एका मेलेल्या मावशीविषयी होते.

"नाय, आये. वैशाखात पाणी खाली गेलेलं असतं, गाळावरचा जाळ अजून खाली. नि दिवसभर तापलेली जमीन रातीलाबी हवेला ताप देती. तवा उजेड उलटा वाकतो. आपल्याकडं यायच्या ऐवजी वर, आभाळात निघून जातो. मोठा जाळ असला तरी."

"मंजे त्यांनी पेटवला, नि आपल्याला दिसला नाय."

"व्हय."

"नि त्यांना वाटलं, आपण बघून बसलो."



कुसाबाई खळ्याच्या कडेला, परातीशेजारीच बसली. इतकी वर्षे तिने त्या काठावर जो काळोख पाहिला होता, तो तिने माणसांच्या नावाने मांडून ठेवला होता. त्यांनी बातमी दिली नाही. त्यांना द्यावीशी वाटली नाही. म्हणून पलीकडे दिलेली मुलगी मेली तरी अंधारातच मरते. आणि तिकडे त्या रात्री बायका पेंढा वाहत होत्या. बयाच्या घरच्या गाईंचा, पावसाळ्यासाठी राखलेला पेंढा. त्या उजेडात बयाचे तोंड दिसले असेल. इकडे ती या अंगणात, याच शेळ्यांच्या कुडापाशी, गाढ झोपलेली असणार. कुणाचाच दोष नव्हता. हे कळल्यावर राग जातो, पण त्या रागाने जी जागा भरून ठेवली होती ती उघडी पडते, आणि तिथे बयाबाई होती. कुसाबाईला तेव्हा रडू आले. सावित्रीबाईने शेजारी बसून तिच्या पाठीवर हात ठेवला.

चहा झाला. बहिरूने मंगळूला विडी दिली. दत्तूने कुणी न सांगता सांडलेली नागली सुपात भरली आणि सूप सावलीत ठेवले. माणसे उठली तेव्हा परात न्यायची की ठेवायची, हे कुणी विचारत नव्हते.

कुसाबाई घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिने धुतलेले लुगडे नेसले होते आणि पायांत वहाणा होत्या.

"आक्का, कुठं?" बहिरूने विचारले.

"घर बघाय. घर बघितल्याबिगर कोन पोर देतं का? नि बयाचं घर कुठं व्हतं, तेबी बघते. वाडी वर सरकल्यापासनं मी तिकडं गेले नाय." ती मंगळूकडे वळली. "टेम्पोत पुढं जागा हाय का मागं बसू?"

"पुढं, पुढं," मंगळू म्हणाला. "म्हाताऱ्यांनो, मागं व्हा रे."

ललिता खांब सोडून पुढे आली. "आये, मी येऊ?"

"तू कशाला?" कुसाबाई वहाणेचा अंगठा सारखा करत, मान न उचलता म्हणाली. "पोरीनं लगीन व्हायच्या आधी सासर बघायचं नसतं."

शब्द तिच्या तोंडून निघून गेला आणि खळ्यावर पडला. मंगळूने तोंड उघडले. सावित्रीबाईने त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो नुसता खोकला. बहिरूची विडी ओठांशीच थांबली. दत्तूने लगबगीने टेम्पोचे दार उघडले, कारण त्याला कुठेतरी पाहणे भाग होते.

कुसाबाईने तो शब्द ऐकला होता. तो आपल्याच तोंडचा होता, हेही तिला कळले होते. या खेपेला तिच्या हातात कंदील नव्हता आणि भुते तर कुठेच नव्हती; ऊन स्वच्छ पडले होते. तिने एकदा ललिताकडे पाहिले, आणि शब्द परत घ्यायला ती थांबली नाही. ती पुढच्या बाकावर चढली, पदर मांडीखाली घेतला, दार स्वतः ओढून लावले.

"हाका की आता," ती म्हणाली. "दिवस लहान हाय."